'पाणी इला': न बघता खेळायचा खेळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण. बोलताना वेळेअभावी राहिलेले काही तपशील लिहून काढताना घातले आहेत.)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. तो मी मागाहून बदलून घेतला. संधींवर बोलणारे यूट्यूबवर ढिगाने आहेत, आणि इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांची मुलं त्या संधींच्या मागे पुण्याला आणि बंगळुरूला पोचलीसुद्धा. आज मी एका खेळाबद्दल बोलणार आहे. खेळ कॉम्प्युटरवरचा आहे, पण तो सुरू केला की पडदा काळा राहतो. सगळं ऐकून खेळायचं.

दोन वर्षांपूर्वी आपल्या बॅचमधल्या एका मैत्रिणीचा मला फोन आला. ग्रुपवर लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून फोन. आज हे बोलायची परवानगी तिने दिली आहे, फक्त नाव घेऊ नको म्हणाली. तिचा मुलगा तेव्हा सातवीत होता. संध्याकाळ झाली की तो अडखळायला लागायचा, अंगणातल्या पायरीचा अंदाज चुकायचा. घरच्यांना वाटलं, पोरगा धांदरट आहे. डॉक्टरांनी निदान केलं रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेचं जातं, आणि नजर हळूहळू नळीतून बघितल्यासारखी होत जाते. किती वर्षांत किती जाईल, हे प्रत्येकाचं वेगळं. मैत्रीण एवढंच म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाली मां? ह्येचा पुढे काय गो?"

मी तिला अंध लोक कॉम्प्युटर कसा वापरतात ते सांगितलं. स्क्रीन रीडर नावाची सॉफ्टवेअर असतात, ती पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात. त्यातलं एनव्हीडीए हे फुकट मिळतं. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांचं ते काम, २००६ साली सुरू झालेलं. ते मराठीही वाचतं. मी तिच्या लॅपटॉपवर ते घालून दिलं आणि कामाला लागले.

पोराने त्याला हात लावला नाही. कारण उघड होतं. त्याला अजून दिसत होतं. स्क्रीन रीडर चालू करायचा म्हणजे आपण आंधळे होणार हे स्वतःच्या बोटाने कबूल करायचं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा करणारे आपण कोण? शिवाय त्या यंत्राचा मराठी आवाज! तोंडात गरम बटाटा धरून कोणी बातम्या वाचतंय असं वाटतं. आपल्या मराठीचीही थोडी खोड आहे म्हणा. 'हे जग' मधला ज वेगळा आणि 'तू शंभर वर्षं जग' मधला ज वेगळा, पण लिहायला अक्षर एकच. यंत्राने ओळखायचं कसं? या मुलाने ते आवाजाचं मराठी एकदा ऐकलं आणि खो खो हसला. मग लॅपटॉप बंद केला.

इथं मला माझं कॉलेज आठवलं. आपल्या वेळी शाळेत कॉम्प्युटर नव्हता हे तुम्हाला माहीतच आहे. मी पहिल्यांदा त्याला हात लावला तो इंजिनिअरिंगला गेल्यावर. प्रॅक्टिकलला काय शिकवलं ते आज सांगता येणार नाही, पण लॅबमध्ये कोणीतरी फ्लॉपीवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आणला होता तो आठवतो. तो कॉपी करायला म्हणून डॉसच्या आज्ञा शिकले, डिस्क भरली म्हणून फाइली कशा उडवायच्या ते शिकले, आणि कीबोर्डवर बोटं कुठे ठेवायची तेही त्या उड्या मारणाऱ्या राजपुत्रानेच शिकवलं. माझ्या ओळखीच्या बहुतेक इंजिनिअरांची गोष्ट अशीच आहे. आधी खेळ, मग काम. अंध मुलाच्या वाट्याला मात्र आपण सरळ काम देतो. टायपिंग शीक, परीक्षा दे, नोकरीला लाग. खेळायचं वय त्यालाही असतं, हे आपल्या डोक्यात येत नाही.

तर खेळ शोधायला लागले, आणि पहिल्यांदा भेटलं ते बुद्धिबळ. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, म्हणून जरा थांबते. मुंबईचे चारुदत्त जाधव यांची दृष्टी तेराव्या वर्षी गेली. पुढे ते बुद्धिबळ खेळले, अंध बुद्धिबळपटूंची अखिल भारतीय संघटना उभी करण्यात पुढे राहिले आणि टीसीएसमध्ये अपंगांना वापरता येईल असं तंत्रज्ञान करणाऱ्या विभागाचं काम त्यांनी सांभाळलं. 'टॉक सिक्स्टीफोर' हे अंधांसाठीचं बोलणारं बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर त्यांचंच. पटावरची चौसष्ट घरं डोळ्यांऐवजी कानांनी चालायची. भारतातल्या अंध बुद्धिबळपटू मुलांवर २०१२ साली 'अल्गोरिदम्स' नावाचा माहितीपट आला, त्यातही जाधव आहेत. मिळाला तर जरूर बघा.

अंधांच्या बुद्धिबळाचे नियमही बघण्यासारखे आहेत. पटाच्या प्रत्येक घराला भोक असतं, सोंगटीला खाली खुंटी असते. काळी घरं किंचित उंच असतात आणि काळ्या सोंगट्यांना वेगळी खूण असते, म्हणजे बोटाला रंग कळतो. दोघांचे पट वेगळे, आणि चाल तोंडाने सांगायची. ऐकण्यात घोटाळा नको म्हणून ए, बी, सी ऐवजी ॲना, बेला, सेझार, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर अशी नावं. आणि हात लावला तर खेळायलाच हवं, हा आपला नियम? अंध खेळाडू तर चाचपण्यासाठी सगळ्याच सोंगट्यांना हात लावणार. म्हणून तिथं सोंगटी भोकातून उचलली तरच ती 'शिवली' असं धरतात. कोणीतरी शांतपणे बसून, खेळणाऱ्याचा हात डोळ्यांसमोर आणून हा नियम केलेला आहे. माझ्या धंद्यात ज्याला डिझाइन म्हणतात ते हेच.

पण आमच्या पोराला बुद्धिबळ नको होतं. त्याला पळायचं होतं, मारामारी हवी होती, गाडी हाणायची होती. जगात असे खेळ आहेत. जपानमध्ये केंजी एनो नावाच्या खेळकर्त्याने १९९७ साली 'रिअल साउंड' नावाचा एक खेळ काढला, ज्यात चित्र नावालाही नव्हतं. त्याचे खेळ अंध लोक धडपडून खेळतात हे कळल्यावर त्याने तो केला, आणि सेगा कंपनीपुढे अट घातली की हा खेळ तुमच्या यंत्रापुरता देतो, पण एक हजार यंत्रं अंधांना फुकट द्या. कंपनीने दिली. अलीकडे मोठ्या कंपन्याही जाग्या झाल्या आहेत. २०२० सालच्या 'द लास्ट ऑफ अस' च्या दुसऱ्या भागात अपंगांसाठी साठाहून जास्त सोयी होत्या, आणि पूर्ण अंध माणसांनी तो शेवटपर्यंत खेळून संपवला. २०२३ च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट' मध्ये तर अंध माणूस आवाजावरून शर्यतीची गाडी चालवतो. या दोन्ही खेळांवर ब्रँडन कोल नावाचा एक अंध सल्लागार काम करत होता. हे खेळ मी मुलाला सांगितले. अडचण अशी की त्यांना महागडी यंत्रं लागतात, आणि बोलतात ते सगळे इंग्रजीत.

म्हणून मी स्वतःच एक छोटा खेळ करायला घेतला. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी. त्याचं नाव 'पाणी इला'.

आता खारेपाटणच्या माणसाला गोष्ट काय ते सांगायला नको! जुलैची रात्र आहे. धो धो पाऊस. लाइट गेलेली. शुक नदीचं पाणी बाजारात शिरायला लागलंय. तुम्ही एका दुकानात नोकर आहात, आणि पाणी यायच्या आत तांदळाची, साखरेची, पिठाची पोती माळ्यावर चढवायची आहेत. मग स्वतः बाजारातून वाट काढत वर हायवेला पोचायचं. लाइट गेलेली हे मुद्दाम. काळोखात डोळे असलेला आणि नसलेला दोघे एका रांगेत येतात.

एकेकाळी या खाडीतून इथवर गलबतं यायची. शिलाहारांचा शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट खारेपाटणला मिळाला, हे आपल्याला इतिहासाच्या तासाला सांगितलं होतं. हजार वर्षं आपण या पाण्याच्या काठाला आहोत. मग खेळ तरी दुसऱ्या कुठल्या गावाचा कशाला करायचा?

हा खेळ आवाजावर चालतो तो कसा, ते थोडं सांगते. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला उशिरा पोचतो. किती उशिरा? फार तर पाऊण मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायला याच्या शेकडो पट वेळ लागतो. शिवाय डोकं मध्ये येत असल्यामुळे लांबच्या कानाला तो थोडा दबका ऐकू येतो. एवढ्यावर मेंदू दिशा काढतो. समोर की मागे, वर की खाली हे मात्र एवढ्याने कळत नाही. तिथं कानाच्या पाळीच्या घड्या कामी येतात, त्या आवाजाला दिशेप्रमाणे वेगवेगळा आकार देतात. आणि तरीही शंका राहिली तर आपण मान हलवतो. गाय कान हलवते, आपण मान. हे सगळं गणित करून इअरफोनमध्ये आवाज सोडायची सोय आज साध्या ब्राउझरमध्ये असते, त्यासाठी विकत काही घ्यावं लागत नाही. खेळात डाव्या-उजव्या बाणाने मान वळते, वरच्या बाणाने पाऊल पुढे पडतं. बस, एवढ्याच कळा. स्पेस दाबली की पोतं उचललं किंवा ठेवलं.

आवाज गोळा करायला मी पावसात गावी आले. दोन्ही कानांत बारीक मायक्रोफोन अडकवून छत्रीविना बाजारात उभी राहिले. ओळखीच्या दुकानदारांनी विचारलं, "काय गो, बरी आसस मां?" पण त्या दोन दिवसांत मला जे ऐकू आलं ते चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. पाऊस हा एक आवाज नाहीच. कौलांवरचा पाऊस सरसरतो, पत्र्यावरचा ताडताड वाजतो. दुकानासमोरच्या प्लास्टिकवर तो फटफटतो, माडाच्या झावळीवर घसरतो, आणि पाण्यावर पडला की त्याला एक पोकळ, बारीक नाद येतो. म्हणजे पाऊस पडला की सगळा बाजार आपोआप रेखाटला जातो. कुठे छप्पर संपतं, कुठे गल्ली सुरू होते, कुठे पाणी साचलंय, सगळं ऐकू येतं. जॉन हल नावाचे इंग्लंडमधले एक अंध प्राध्यापक होते. पावसामुळे आपल्याला भोवतालचा आकार मिळतो, असं त्यांनी १९९० साली आपल्या पुस्तकात मांडलं होतं. बर्मिंगहॅमच्या पावसावर एवढं सुचत असेल, तर आपला पाऊस म्हणजे झूमरच म्हणायचं!

त्यामुळे खेळाचा नकाशा पावसाचाच झाला. वर हायवेवरून घाटाकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज, तो म्हणजे सुटकेची दिशा. खाली नदीची घरघर, ती वाढत जाते. पायाखालचं पाणी घोट्याला असताना चपलेचा आवाज वेगळा, पोटरीला वेगळा, गुडघ्याला पोचलं की चपलेचा आवाज संपतो आणि नुसतं पाणी ढकलल्याचा येतो. कोणी आकडा सांगत नाही, कानांना कळतं. पार्श्वसंगीत ठेवलं नाही, कारण ते सगळ्या खुणा गिळून टाकतं. बोलणंही जेमतेम ठेवलं. जे आहे ते माझ्या आईच्या आवाजात आहे. सत्तरी ओलांडलेली आई माझ्यासमोर बसून "अरे, पीठ भिजला!" हे वाक्य अकरा वेळा म्हणाली, आणि दर वेळी खरोखर चिडून.

चतुर्थीला सगळे गावी आले तेव्हा खेळ घेऊन मी मैत्रिणीकडे गेले. पोराने पहिला प्रश्न विचारला, "मावशे, हो आंधळ्यांचो गेम मां?"

मी म्हटलं, हा काळोखातला गेम आहे. तो म्हणाला, "माका नको." आणि उठून गेला.

घरात त्याची चार चुलत-मामेभावंडं होती, मुंबईहून आलेली. ती बसली खेळायला. पहिला पठ्ठ्या पोतं घेऊन सरळ नदीकडे चालत गेला. दुसरी भिंतीला धडकत राहिली. तिसरा इअरफोन उलटे घालून बसला, तेव्हा डावं ते उजवं झालं. ओटीवर हसून हसून गोंधळ. तो दारात उभा राहून ऐकत होता. इअरफोन न लावताही त्याला पत्र्याचा आवाज ओळखू आला असावा, कारण तिथूनच तो ओरडला, "रे, पत्रो डावीकडे आसा, वळ!" मग त्याने भावाच्या कानातले इअरफोन काढून घेतले. पहिल्या फेरीत सहापैकी चार पोती चढवली. भावंडांत कोणाची दोनच्या वर गेली नव्हती.

त्यानंतर तासाभराने मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाणी हळू येता. पाण्यान माका पकडूक व्हया. नायतर काय मजा?"

हे मी जरा जोर देऊन सांगते आहे. घरातल्या मोठ्या माणसांनी मला आधीच बजावलं होतं, की पोर आधीच नाराज असतं, तेव्हा खेळात तो हरणार नाही असं कर. मी तसं केलं नाही, करणारही नव्हते. हरता येत नसेल तर जिंकण्याला अर्थ काय? अंध मुलाला आपण अवघड काही देतच नाही. त्याचं ताट वाढून देतो, पाणी हातात देतो, वर परीक्षेत पास झाला की पेढे वाटतो. त्याला पाण्याने पकडायला हवं होतं. मी पाणी वाढवलं. पुढच्या तीन दिवसांत तो एकोणीस वेळा बुडाला. ही मोजणी त्याची, माझी नव्हे.

पुढचं थोडक्यात सांगते. खेळाच्या शेवटी गुणांच्या यादीत नाव टाइप करायचं असतं. त्यासाठी त्याने कीबोर्ड शिकून घेतला. एफ आणि जे या अक्षरांवर बारीक उंचवटे असतात, घरी जाऊन तुमच्या कीबोर्डवर बोट फिरवून बघा, ते बिनबघता टाइप करणाऱ्यांसाठीच आहेत. यादीत आपलं नाव कितव्या नंबरवर आहे हे वाचायला स्क्रीन रीडर लागतो, तेव्हा तोही चालू झाला. त्या गरम बटाट्याच्या आवाजाचा वेग त्याने इतका वाढवून ठेवला आहे की मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. मध्यंतरी त्याने मला मेल पाठवली. त्यात मजकूर नव्हता, फक्त खेळातल्या अकरा त्रुटींची यादी होती. सातवी अशी: रिक्षाचा आवाज खोटा आहे, खरी रिक्षा चढाला गिअर बदलते.

मैत्रिणीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र यात नाही, आणि ते मी खेळाने देऊ पाहत नाही. त्याची नजर कमी होतेच आहे. यंदा त्याला फळ्यावरचं दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत एकूण चार टक्के आणि त्यातला एक टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांसाठी राखून ठेवला आहे. त्याच कायद्यात करमणूक आणि खेळ यांतही त्यांना वाटा मिळायला हवा असं कलम आहे, ते फारसं कोणी वाचत नाही. पण कायदा पुस्तकात असतो आणि मुलगा वर्गात. त्याचे वडील अजूनही विचारतात, शाळा बदलायची का, मुंबईला वसतिगृहात ठेवायचा का. मुंबई-पुण्यात अंधांच्या शाळा कितीतरी वर्षांपासून आहेत आणि चांगलं काम करतात. पण घर सोडून तिथं जायचं की इथल्याच वर्गात ब्रेल आणि कॉम्प्युटर घेऊन बसायचं, हे त्या घराने ठरवायचं. मुलाला इथंच राहायचंय. इथं त्याला प्रत्येक पत्रा ठाऊक आहे.

इथं बसलेल्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. फळ्यावर लिहिताना तोंडाने बोलत चला. "हे वजा ते" म्हणू नका, काय वजा काय ते म्हणा. याला पैसे लागत नाहीत, अनुदानही लागत नाही. मागच्या बाकावरच्या डोळसांनाही त्याचा उपयोग होईल. आम्ही मागच्या बाकावरच होतो, आम्हाला माहीत आहे.

आता शेवटचं. दुसरा भाग करायला घेतला आहे. त्यात पाणी ओसरल्यावरची सकाळ आहे, गाळ उपसायचा आहे, आणि शाळेची घंटा व्हायच्या आत वर्गात पोचायचं आहे. घंटेचा आवाज मी काल घेतला. पण उशिरा आलेल्या पोराला दारात अडवून ओरडणारा एक आवाज हवा आहे, आणि तो नटाकडून घ्यायची माझी इच्छा नाही. आम्हाला गणित शिकवणारे सर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, आठवी ब चा वर्ग मोकळा आहे, मायक्रोफोन लावून ठेवला आहे. जेवणाआधी पाच मिनिटं द्या. आणि मागे तो उभा आहे, इअरफोन घेऊन. ज्यांना खेळायचंय त्यांनी त्याच्याकडे नावं द्या. सध्याचा उच्चांक त्याचाच आहे, आणि तो कोणाला सवलत देत नाही.